दाखला सांगून झाल्यावर आपण गप्प का बसत नाही?

ओसरी · रविवार, दुपारी ३.१०

नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी २२ वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. उपासनेआधीचा पाऊण तास, चर्चच्या मागची ओसरी, तिसरी ते सातवीची तीसेक पोरं. आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून हा धागा काढला.

आज पेरणाऱ्याचा दाखला होता, म्हणजे येशूनं शिकवण्यासाठी सांगितलेली एक गोष्ट. सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. एक जण पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळीवर पडलं, लगेच उगवलं, पण खाली माती नव्हती म्हणून उन्हानं करपलं. काही काटेरी झुडपांत पडलं आणि झुडपांनी त्याला वर येऊ दिलं नाही. काही चांगल्या जमिनीत पडलं. त्याला कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट पीक आलं. पुढे शिष्य एकटे असताना येशू अर्थही सांगतो, की बी म्हणजे वचन आणि जमिनी म्हणजे ते ऐकणारी माणसं.

मी दरवर्षीप्रमाणे चार चौकोनांचा कागद झेरॉक्स करून नेला होता. वर प्रश्न, 'तू कोणती जमीन?' आपल्या चौकोनात खूण करायची. सगळ्यांनी चांगल्या जमिनीवर केली, ते नेहमीचंच. पाचवीतल्या एका मुलानं मात्र खडकाळीवर केली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'पण दगड मी नाही टाकले.'

त्याच्या घरची दोन एकर डोंगराच्या कडेला आहे, सगळी मुरमाड. घरात बापाची दारू, आई ऊसतोडीला जाते, पोरगं आजोबांजवळ असतं. तो शेताविषयी लिहीत होता की स्वतःविषयी, मला अजून उमगलेलं नाही. कागद गोळा करताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढ्यात घंटा झाली.

येशूनं हा दाखला होडीत बसून, काठावरच्या गर्दीला सांगितला आणि 'ज्याला कान आहेत तो ऐको' म्हणून थांबला. मी थांबत नाही. मी दाखला सांगते, मग अर्थ सांगते, मग त्या अर्थावरून कसं वागायचं ते सांगते, आणि वर मुलांकडून आपापली जागा लिहून घेते. २२ वर्षं मी हेच केलं. तुम्ही मुलांना, मोठ्यांना दाखले कसे सांगता? अर्थ सांगता का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

पाभर · रविवार, संध्याकाळी ६.४५

ओसरीताई, मी ख्रिस्ती नाही, पण तुमचा दाखला शेतीचा आहे म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे असं कुणी पेरत नाही. पाभरीला, तिफणीला चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडायचं, ते नळीतून बरोबर तासात पडतं. वाटेवर दाणा जाऊ देईल तो कसला पेरणारा? मेथी-कोथिंबीर आपण फोकतो, पण ती वाफ्यात. म्हणजे तुमच्या दाखल्यातला माणूस एकतर अडाणी आहे, नाहीतर त्याला बियाची काळजी नाही, नाहीतर त्याच्याकडे बी इतकं आहे की कुठंही पडलं तरी चालतं. यातलं कुठलं ते तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट त्या पोराची. त्याला सांगा, कुठलीच जमीन आपण होऊन तशी होत नाही. वाट म्हणजे तरी काय? तीही शेतच होती. लोकांनी तुडवून तुडवून घट्ट केली. आणि काटेरी झुडपं जिथं माजतात ती जमीन वाईट नसते, उलट कसदार असते. हलक्या रानात हराळी अन् कुंदा कधी असा फोफावत नाही. काळ्या रानातला कुंदा हातभर खणून काढावा लागतो. त्या जमिनीत ताकद आहे, नुसती गर्दी झालीय. राहिली खडकाळ. आमच्या वडिलांनी ३० वर्षं उन्हाळ्यात धोंडे वेचले, वेचलेल्या धोंड्यांची ताल, म्हणजे बांध, घातली, तळ्यातला गाळ ओढला. आज तिथं कांदा निघतो.

ओसरी · रविवार, रात्री ८.२०

पाभरदादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काट्यांतली जमीन कसदार असते हे मला २२ वर्षांत सुचलं नाही, कुणा उपदेशात ऐकलंही नाही. आणि दाखल्याच्या अर्थात तर ते नीट बसतं: काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह. माणसाकडे जमीन चांगली आहे, मोकळी नाही.

पेरणारा कसा, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: बी भरपूर असलेला. तिकडे त्या काळी बी हातानं उधळून पेरत, त्यामुळे थोडं इकडेतिकडे जायचंच. पण वाट, खडक, काटे, सगळीकडे मूठ गेली हे मी मुलांना कधी ठासून सांगितलं नव्हतं. माझं सगळं लक्ष जमिनींच्या परीक्षेवर.

जुनी पोथी · रविवार, रात्री ९.५५

या चर्चेला आपल्या भाषेतलंच एक जुनं माप लावता येईल. महानुभावांच्या दृष्टांतपाठात चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत. केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची मांडणी केली आणि प्रत्येकाचे तीन भाग ठेवले: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे मूळ वचन, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि गोष्टीतलं काय कशाला लावायचं ते दार्ष्टांतिक. यातलं सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांनी जोडलेलं.

गुरूनं गोष्ट सांगितली आणि शिष्यानं ती लावून दाखवली. ओसरीताई, तुमची अडचण दार्ष्टांतिकाची आहे. ते लागतंच, नाहीतर ऐकणारा भलतीकडे जातो. पण ते कुणी करायचं आणि कधी, हा खरा प्रश्न.

येशूचे दाखले मी वाङ्मय म्हणून वाचले आहेत. बऱ्याच ठिकाणी दार्ष्टांतिक नाहीच. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो. थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय, आणि तिथेच गोष्ट थांबते. तो आत गेला की नाही, ही गोष्ट लिहिणारा लूक सांगत नाही.

पाळकवाडा · सोमवार, सकाळी ७.३०

निवृत्त पाळक आहे, ४१ वर्षं सेवा झाली. जुनी पोथी यांनी चांगला धागा हाती दिला. पेरणाऱ्याच्या दाखल्याचं जे स्पष्टीकरण शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, आहे, ते पहिल्या मंडळीच्या शिकवणुकीतून आलं असावं असं काही अभ्यासक मानतात. मी ते येशूचंच मानतो. पण एवढं खरं, की तो अर्थ त्यानं गर्दीला सांगितला नाही. ज्यांनी मागाहून येऊन विचारलं त्यांनाच सांगितला.

दार्ष्टांतिक किती ताणावं याचा एक मोठा नमुना सांगतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट अशी: वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, ओलांडून जातात, आणि यहुद्यांनी दूर ठेवलेल्या लोकांतला एक शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. संत ऑगस्टीन यांनी या दाखल्यातली प्रत्येक वस्तू लावून दाखवली होती. वाटेत लुटला गेलेला तो आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी स्वतः ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेचा रखवालदार प्रेषित पौल! शतकानुशतकं असंच चाललं. १८८८ मध्ये आडोल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकाच्या ग्रंथाचा पहिला भाग आला आणि त्यानं उलट टोक गाठलं: दाखल्याचा मुद्दा एकच, बाकी तपशील गोष्ट चालवण्यापुरते. सेमिनरीत आम्हाला हे दुसरं शिकवलं. मी कित्येक वर्षं प्रत्येक दाखल्यातून एकेक मुद्दा काढून लोकांच्या हातावर ठेवत गेलो. लोक मुद्दा घेऊन घरी जायचे आणि गोष्ट विसरायचे.

मला सुधारलं ते नाथानानं. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा राजाकडे जातो आणि त्याच्या पापाचं नावही काढत नाही. एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच कोकरी. त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्यानं आपल्या एवढ्या कळपातलं एकही न घेता त्या गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापून म्हणतो, असं करणारा मरणाला पात्र आहे, त्यानं चौपट भरून द्यावं. आणि मग नाथान म्हणतो, 'तो मनुष्य तूच आहेस.'

बघा, निकाल दाविदानं दिला. नाथानानं राजाला आधी गोष्टीच्या आत जाऊ दिलं, तिथे त्याला राग येऊ दिला, तोवर धीर धरला. आपल्याला तेवढा धीर नसतो, ताई. आपण 'तो मनुष्य तूच' गोष्टीच्या आधीच सांगतो. तुमच्या कागदावर तर ते मथळ्यातच छापलंय.

गोडीछाटणी · सोमवार, दुपारी १२.१५

पाळकसाहेब, नाथान राजाच्या समोर उभा होता. जो आधीच पडलेला आहे त्याच्या समोर कुणी असं उभं राहिलं तर काय होतं ते सांगतो.

माझी नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी, फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून तो त्याला साफ करतो. आमच्या भागात यावर हमखास उपदेश होतात, कारण छाटणी सगळ्यांच्या हातातली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही. नुसते खुंट. नवा माणूस म्हणेल बाग मेली.

माझ्या चुलत बहिणीचं अकरा महिन्यांचं मूल तापानं गेलं. मातीच्या वेळी एका धर्मसेवकानं तिला हाच दाखला दिला. देव छाटणी करतोय, म्हणाले, तुम्हाला अधिक फळ यावं म्हणून. ती तेव्हा काही बोलली नाही. पण त्यानंतर चार वर्षं ती चर्चला आली नाही, आणि छाटणीच्या दिवसांत बागेतही पाऊल टाकायची नाही.

शब्द पवित्र शास्त्रातलेच होते, चुकीचे नव्हते. पण आम्ही ऑक्टोबरात कात्री लावण्याआधी काडीचे डोळे प्रयोगशाळेत तपासून घेतो. कुठल्या डोळ्यात घड आहे हे कळल्याशिवाय कापत नाही. इथे तर माणूस होतं, आणि समोरच्यानं तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

पाळकवाडा · सोमवार, दुपारी १.४०

गोडीछाटणी, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. अशा वेळी मीही असं काही बोलून बसलो असेन, या भीतीनं आज जेवण गेलं नाही.

त्या वचनाविषयी एक सांगायला हवं. मूळ ग्रीकमध्ये फळ देणाऱ्या फाट्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'स्वच्छ करणे' असा आहे. लगेच पुढच्या ओळीत येशू म्हणतो, मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध आहात. म्हणजे साफ करणारं ते वचन आहे, मूल नेणारा मृत्यू नव्हे. आणि हे शब्द त्यानं शेवटच्या रात्री जवळच्या शिष्यांना धीर द्यायला काढले होते. लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणींना त्यानं छाटणीचा दाखला दिला नाही. तिथे तो रडला.

मेंढका · सोमवार, रात्री १०.०५

धनगराच्या घरातला आहे, आता पुण्यात नोकरी. शंभरातलं एक मेंढरू चुकलं म्हणून मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो, तो हरवलेल्या मेंढराचा दाखला आमच्या वस्तीवर एक ताई चित्र दाखवून सांगायच्या, तेव्हा माझा आजा त्यांना म्हणाला होता, 'बाई, ९९ मेंढरं रानात टाकून कोण जातं? लांडगा काय उपाशी बसलाय?' ताई गोंधळल्या. आजानंच मग सांगितलं, 'म्हंजे तो येडा तरी आसंल नायतर त्याचा लई जीव आसंल.'

ते चित्र मला आठवतं, मेंढपाळाच्या खांद्यावर मेंढरू. लोकांना वाटतं प्रेमानं उचललंय. प्रेम असतंच, पण चुकलेलं मेंढरू बहुतेक वेळा चालतच नाही. घाबरून एका जागी बसतं, हाक मारली तरी उठत नाही. त्याला उचलूनच आणावं लागतं, आणि अंगाला जड असतं ते. दोन-तीन मैल खांद्यावर आणलं की मान धरते. आजा रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावून झाली की कुणाकडून तरी मान चोळून घ्यायचा. हे सांगणाऱ्यांना ठाऊक नसतं म्हणून ते मेंढराला दोष देतात, 'तू का गेलास' म्हणून.

वसईचा वारा · मंगळवार, सकाळी ९.२०

आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात मी नववीची मुलं घेतो. मेंढका यांच्या आजोबांचं बोलणं मी या रविवारी वर्गात सांगणार आहे.

मेंढराचा दाखला मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत आहे, पण ऐकणारे वेगळे. लूकमध्ये परूशी, म्हणजे धर्मनियम कडक पाळणारे लोक, कुरकुर करतात, हा पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून, आणि त्यांना ही गोष्ट ऐकवली जाते. मत्तयमध्ये ती शिष्यांना सांगितलेली आहे, या लहानांपैकी एकाचाही नाश होऊ नये म्हणून. गोष्ट तीच, पण एकदा ती नाक मुरडणाऱ्यांसाठी आणि एकदा सांभाळ करणाऱ्यांसाठी. चुकलेल्या मेंढराला ती दोन्हीकडे सांगितलेली नाही! गोडीछाटणी यांचा अनुभव वाचल्यापासून हे डोक्यातून जात नाही.

आता माझा प्रश्न. दाखल्यातल्या वस्तू बदलाव्यात का? मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्या: देवाचं राज्य त्या बारीक दाण्यासारखं, वाढून झाड होणारं. आमच्या मुलांना मोहरी ठाऊक ती फोडणीची. तिचं झाड होऊन पाखरं फांद्यांवर बसतात हे त्यांना पटत नाही. मी एकदा वडाचं बी सांगितलं, ते मोहरीहूनही बारीक आणि झाड केवढं! मुलांना लगेच कळलं.

जुनी पोथी · मंगळवार, सकाळी ११.००

वड घेतला की गोष्ट हातची जाते असं मला वाटतं. तिकडची काळी मोहरी दोन-तीन मीटर वाढते, पाखरू बसू शकतं, पण ती शेवटी परसातली भाजीच. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव गंधसरूचा कोंब उंच डोंगरावर लावतो आणि त्याच्या सावलीला पाखरं येतात. ऐकणाऱ्यांच्या कानात तो गंधसरू असणार. अशा लोकांना येशू देवाच्या राज्यासाठी उपमा देतो ती मोहरीची. वडाच्या बियातून मोठेपणा येतो, पण साधेपणा निसटतो.

आणि बदल करायचाच तर तो किती जपून करावा लागतो ते मराठी अनुवादकांकडून शिकावं. 'मीच जीवनाची भाकर आहे' या वाक्यात त्यांनी पाव घातला नाही, भाकर घातली. रोजचं, गरिबाघरचं, पोट भरणारं अन्न. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात साष्टीच्या राचोलला फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं, ते ओवीत. त्यांनी कथा तीच ठेवली, चाल आपल्या लोकांची घेतली.

पाभर · मंगळवार, दुपारी २.३०

मोहरीच ठेवा. पोरांना कुंडीत लावायला सांगा. फोडणीच्या डब्यातली मोहरी तीन-चार दिवसांत उगवते, कुणालाही जमतं. वडाचं बी कुंडीत पेरून बघा, लवकर हाती लागणार नाही. ते पाखराच्या पोटातून आलेलंच बरं उगवतं.

निळी शाई · मंगळवार, रात्री ९.१५

मी मानसशास्त्र शिकवते. 'दाखल्यांतून वागणूक शिकवणे' यावर एक प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे आणि तो या धाग्यावर यायलाच हवा.

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी ४० विद्यार्थी घेतले, पुढे धर्मसेवक होऊ पाहणारे. काहींना चांगल्या शोमरोन्यावर छोटं भाषण तयार करायला सांगितलं, काहींना नोकरीविषयीच्या साध्या विषयावर. भाषण दुसऱ्या इमारतीत द्यायचं होतं. निघताना काहींना सांगितलं, तुम्हाला उशीर झालाय. काहींना, वेळेवर आहात. काहींना, अजून अवकाश आहे. वाटेत दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. उशीर झाला असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. आणि शोमरोन्यावर बोलायला निघालेला आहे की नोकरीवर, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले. १९७३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मी याचा अर्थ 'दाखले निरुपयोगी' असा घेत नाही. त्या मुलांनी दाखला विषय म्हणून हातात घेतला होता, भाषणाचा मुद्दा म्हणून. वाटेवरच्या माणसाशी तो जोडायला त्यांना उसंत नव्हती. ओसरीताई, तुमचा पाऊण तास, मग घंटा, मग उपासना. ते वाचताना मला हाच प्रयोग आठवला.

वसईचा वारा · बुधवार, सकाळी ८.१०

निळी शाई, आकडे वाचून सुन्न झालो. मी त्या वाटेनं गेलोय. पवित्र भूमीच्या यात्रेत यरुशलेमहून यरीहोला बसनं उतरलो. पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटर उतार, कान बंद होतात. दोन्ही बाजूंना उघडे बोडके डोंगर. १९६८ च्या एप्रिलमध्ये, खून होण्याच्या आदल्या रात्री, मार्टिन ल्यूथर किंग यांनी मेम्फिसच्या भाषणात याच वाटेचं वर्णन केलं होतं. याजक आणि लेवी कदाचित घाबरले असतील असं ते म्हणाले. मी थांबलो तर माझं काय होईल, हा त्यांचा प्रश्न. शोमरोन्यानं तो उलटा विचारला: मी थांबलो नाही तर याचं काय होईल? मेम्फिसला किंग सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. दाखला अगदी समोरच्या माणसांना लावलेला होता.

आपल्याकडे तर हा दाखला कायद्यातही आलाय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. त्यातला शब्द 'गुड समॅरिटन', म्हणजे आपला चांगला शोमरोनीच. पण त्यामुळे एक अडचण झालीय. मुलांना शोमरोनी म्हणजे भला माणूस असंच वाटतं. तो त्या काळी शिवण्या-बोलण्याला नको असलेला माणूस होता, हे सांगावं लागतं. म्हणून मी एकदा वर्गात त्याच्या जागी एका जमातीचं नाव घातलं. मुलांना मुद्दा कळला, पण त्या जमातीतली एक मुलगी वर्गात होती. तिची मान खाली गेलेली मी बघितली.

पाळकवाडा · बुधवार, सकाळी १०.४५

नाव घालू नका. मी ती चूक भर उपदेशात केलेली आहे. मुलांना एवढंच विचारायचं: तुमच्या घरी कुणाच्या हातचं पाणी चालत नाही? कुणाच्या घरी जेवून आलात तर आई रागावते? उत्तर मोठ्यानं मागायचं नाही. ज्याचं त्याला माहीत असतं.

आमचे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. त्यांना शोमरोनी कोण हे मिशनऱ्यांना समजावून सांगावं लागलं नव्हतं. विहिरीपाशी शोमरोनी बाईकडे येशू पाणी मागतो हे वाचून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे, पुन्हा वाचा. चार वेळा वाचायला लावलं. आम्ही नातवंडं ते कौतुकानं सांगतो. पण आमच्याच घरात माझ्या थोरल्या भावानं मांगाघरची सून नको म्हणून वर्षभर अबोला धरला होता. त्या वर्षी मी चांगल्या शोमरोन्यावर तीनदा उपदेश केला आणि घरी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

दाखल्याच्या शेवटी येशू शास्त्र्याला विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द तोंडातून काढत नाही. 'ज्यानं त्याच्यावर दया केली तो,' एवढंच म्हणतो. येशूनं त्याला तो शब्द उच्चारायला भाग पाडलं नाही. 'जा आणि तूही तसंच कर,' म्हणून सोडून दिलं.

ओसरी · रविवार, दुपारी ३.४०

सगळ्यांची आभारी आहे. आज वर्ग झाला, तो सांगते.

आमच्या पाळकबाईंना भेटून वर्गाची वेळ अर्धा तास आधी करून घेतली. घाई नको म्हणून. पेरणाऱ्याचा दाखला परत घेतला. कागद नेला नाही. नुसता वाचला आणि विचारलं, शेताबद्दल कुणाला काय माहीत आहे? सुरुवातीला कुणी बोलेना. मला बोलायची फार उबळ आली. गप्प बसणं इतकं कठीण असतं हे ठाऊक नव्हतं.

मग एकानं पाभरीचं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, आमच्या वाटेवर पण गवत उगवतं, लोक जायचे बंद झाले की. ते ऐकून सगळीच बोलायला लागली. तो पाचवीतला शेवटपर्यंत काही बोलला नाही, पण आजोबांचं नाव दुसऱ्या एकानं काढलं, 'याचा आजा रोज धोंडे वेचतो.' तेव्हा हा म्हणाला, 'मी पण वेचतो. सुट्टीत.' किती वेचले, असं कुणीतरी विचारलं. त्यानं हातांनी तालीची उंची दाखवली, आपल्या कमरेएवढी.

तिसरीतल्या एका चिमुरड्यानं विचारलं, मग देव पण दगड वेचतो का? मी उत्तर दिलं नाही. पोरांनी आपसात बरंच काही ठरवलं, ते इथे लिहीत नाही. त्यातलं काही शास्त्राला धरून होतं, काही नव्हतं. पाळकसाहेब, तुम्हाला फोन करून विचारीन.

घंटा झाली, सगळी आत पळाली. तो मागे राहिला, चटई गुंडाळायला. म्हणाला, 'बाई, त्या माणसानं पुढच्या वर्षी परत तिथंच पेरलं का?'

मी म्हटलं, गोष्टीत तसं काही लिहिलेलं नाही.

'पेरलंच आसंल,' म्हणाला, आणि चटई कोपऱ्यात उभी करून आत गेला.

पुढच्या रविवारी मोहरी आहे. पाभरदादा, कुंडीत माती कोणती घालू? आमच्या आवारात नुसता मुरूम आहे.

पाभर · रविवार, संध्याकाळी ७.०५

मुरूमच घ्या, चाळून. त्यात निम्मं कुजलेलं शेणखत. त्या पोराला चाळायला लावा, त्याला येतं.